लग्नाचा दाखला नाही, पण नाव चाळीस वर्षांपूर्वीच बदललंय: आईच्या पासपोर्टला काय जोडायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या, सध्या टेक्सासमध्ये. आई-वडिलांनी १९८३ साली घरच्यांचा विरोध पत्करून एका देवळात एकमेकांना हार घातले आणि संसार थाटला. भटजी नव्हते, पत्रिका नव्हती, फोटो नाही, नोंदणी तर नाहीच. आईचं माहेरचं नाव सुमन बाबूराव पवार. सातवीच्या दाखल्यावर तेच आहे. वडिलांनी नाव ठेवलं शोभा. तेव्हापासून रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, आधार, बँक, सगळीकडे शोभा वसंत कुंभार. (खरी नावं मी इथे बदलली आहेत.) आता लेकीच्या बाळंतपणासाठी आईला अमेरिकेला जायचंय आणि त्यासाठी आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढायचाय. एजंट म्हणतो, विवाह प्रमाणपत्राशिवाय काम होणार नाही, पण जुन्या तारखेचं काढून देतो. तिकडची मैत्रीण म्हणते, टेक्सासमध्ये नुसतं नवरा-बायको म्हणून राहिलं तरी कॉमन लॉ मॅरेज धरतात, तसं भारतात दाखवून आईचं नाव सिद्ध करता येईल का?

ताई, सगळ्यात आधी त्या एजंटाला नाही म्हणून कळवा. कारण खाली येईलच.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते आधी सोडवू. आई-बाबांचं लग्न कायद्याच्या दृष्टीने लग्न आहे का, हा एक. सुमन आणि शोभा ही एकच बाई आहे का, हा दुसरा. पासपोर्टवाले, बँकवाले, तलाठी यांना खरं तर दुसऱ्याचं उत्तर हवं असतं. पहिल्याचा निवाडा करायचा त्यांना अधिकारही नाही आणि हौसही नाही. विवाह प्रमाणपत्र मागायची त्यांना सवय झालीय, कारण बहुतेक बायकांचं नाव लग्नाने बदलतं आणि तो कागद हाताशी असतो, एवढंच. तुमच्या आईच्या बाबतीत तर गंमत अशी की ते प्रमाणपत्र असतं तरी काम अर्धवटच झालं असतं. आपल्याकडच्या विवाह प्रमाणपत्रावर वधूचं बहुधा माहेरचंच नाव असतं. आडनाव नवऱ्याचं आलं हे त्यावरून समजून घेता येतं. पण तांदळात अंगठीने लिहिलेलं नवं पहिलं नाव त्या कागदावर कुठेच नसतं. सुमनची शोभा झाली हे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणजे एजंटाला पैसे मोजून, खोटं बोलून जो कागद मिळणार, तो मूळ अडचण सोडवतच नाही.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल. टेक्सासमध्ये असा विवाह खरोखर आहे. तिथल्या कौटुंबिक संहितेत त्याला अनौपचारिक विवाह म्हणतात आणि नुसतं एकत्र राहणं त्याला पुरत नाही. आम्ही विवाहित आहोत असं दोघांचं ठरलेलं हवं, त्यानंतर त्याच राज्यात नवरा-बायको म्हणून एकत्र राहिलेलं हवं, आणि चारचौघांत तसं सांगितलेलं हवं. तिन्ही असेल तर जोडपं काउंटी क्लार्ककडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाऊन घोषणापत्र नोंदवू शकतं, त्यात कधीपासून विवाहित आहोत ती मागची तारीखही लिहितात. त्या घोषणापत्राची प्रमाणित प्रत मग नेहमीच्या विवाह प्रमाणपत्रासारखी नाव बदलायला वापरता येते. कोलोरॅडो, आयोवा, मोंटाना अशा मोजक्या राज्यांतच असा विवाह मानतात. बाकीच्या बहुतेक राज्यांत तो करता येत नाही.

आपल्याकडे असं घोषणापत्र नाही, तसा फॉर्म नाही, तो घेणारा अधिकारी नाही. पण म्हणून आपला कायदा अशा जोडप्यांकडे पाठ फिरवतो असंही नाही. १९७८ च्या बद्री प्रसाद खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे जवळजवळ पन्नास वर्षं एकत्र राहिलेलं जोडपं होतं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी म्हटलं ते असं की अर्ध्या शतकानंतर भटजी आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आणून लग्न सिद्ध करा म्हटलं तर फार थोडे लोक ते करू शकतील. म्हणून दीर्घकाळ नवरा-बायकोसारखं राहिलेल्यांचा विवाह झाला आहे असं कोर्ट गृहीत धरतं, आणि झाला नाही म्हणणाऱ्यावर ते खोटं पाडण्याची जबाबदारी टाकतं. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम ११४ खाली येई. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११९. २०१० च्या वेलुसामी खटल्यात तर सुप्रीम कोर्टाने कॉमन लॉ मॅरेज हेच शब्द वापरले आणि त्याच्या अटींचा आधार घेतला, पण ते घरगुती हिंसाचार कायद्यात कुणाला संरक्षण मिळेल हे ठरवण्यापुरतं.

दुसऱ्या बाजूला आपल्याच मातीतला भाऊराव लोखंडे खटला आहे, १९६५ चा. त्यात गांधर्व पद्धतीने दुसरं लग्न लावल्याचा आरोप होता. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की आवश्यक विधी झाल्याचं किंवा ते गाळायची रूढी असल्याचं सिद्ध झालेलं नाही, म्हणून ते लग्न कायद्याने लग्नच नाही. द्विभार्येची शिक्षा रद्द झाली. तेव्हा एकच जोडपं वारसाच्या दाव्यात नवरा-बायको ठरेल आणि फौजदारी खटल्यात ठरणार नाही, असं होऊ शकतं. हार घालून लग्न पूर्ण होतं अशी स्पष्ट तरतूद तामिळनाडूने हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून १९६० च्या दशकातच घातली. महाराष्ट्रात तशी नाही. इथे त्या समाजाची रूढी काय, हे पाहावं लागतं. सत्यशोधक पद्धतीत भटजी नसतो, बौद्ध विवाहात सप्तपदी नसते, विधवेचा पाट लावतात तेव्हा सगळे विधी होत नाहीत, तरी ती लग्नं असतात, कारण त्यांच्यामागे रूढी आहे. दोघांनीच जाऊन देवळात घातलेल्या हारांमागे ती दाखवणं कठीण.

हे सगळं गृहीतक कोर्टाने धरायचं असतं. पासपोर्टच्या खिडकीवरचा माणूस चाळीस वर्षांच्या संसारावरून काही अनुमान काढू शकत नाही. त्याच्यासमोर बद्री प्रसादचा निकाल ठेवलात तर तो तुमच्याकडे बघेल आणि पुढचं टोकन पुकारेल. म्हणून तुमच्या आईसाठी कॉमन लॉ मॅरेज हा युक्तिवादच काढू नका. त्याची गरज नाही.

नाव बदलायला लग्न लागत नाही, हे आपल्याकडे फार थोड्यांना पटतं. लग्नानंतर बाईने नवऱ्याचं नाव घ्यावं असा कायदा नाही, आणि लग्न न करता दुसरं नाव घेऊ नये असाही नाही. नाव हा व्यक्तीच्या ओळखीचा भाग आहे आणि त्यावर तिचा हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये जिग्या यादव प्रकरणात स्वच्छ सांगितलंय. तुमच्या आईने चाळीस वर्षं जे नाव उघडपणे वापरलं ते तिचं नाव आहे. फक्त जुन्या नावापासून नव्यापर्यंत जाणारा एक सरकारी कागद नाही. तो कागद म्हणजे महाराष्ट्र शासन राजपत्र, आपण ज्याला गॅझेट म्हणतो ते.

राजपत्राचा अर्ज शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावरून होतो. जुनं नाव, नवं नाव, कारण, फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा. काही दिवसांनी साप्ताहिक राजपत्राच्या भाग दोनमध्ये नाव छापून येतं आणि त्याची डिजिटल सहीची प्रत उतरवून घेता येते. कारणाच्या रकान्यात घाईने विवाह लिहू नका. विवाह लिहिलं की विवाहाचा दाखला मागणार, हे ओघानेच आलं. खरं आणि पुरेसं एवढंच लिहा: गेली अनेक वर्षे याच नावाने सर्वत्र ओळखली जाते. यात लपवाछपवी काहीच नाही. बदलाचं मूळ कारण लग्न असलं तरी आज बदल नोंदवायचं कारण वापर हेच आहे.

राजपत्रात या जाहिरातींच्या डोक्यावर एक टीप असते: मजकुराच्या सत्यतेची जबाबदारी शासनाची नाही, कागदपत्रं न तपासता अर्जदाराच्या सांगण्यावरून छापलं आहे. लोक ती वाचून घाबरतात आणि विचारतात, मग याला किंमत काय? किंमत आहे. राजपत्र म्हणजे बदल खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र नव्हे. आपण उघडपणे, तारखेनिशी, सगळ्या जगाला सांगितलं याचा तो पुरावा. कार्यालयांना तेवढं पुरतं. न पुरलं तर सोबतचे कागद बोलतात, आणि ते जमवण्यात खरी मेहनत आहे.

त्यातला पहिला कागद एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र. तालुक्याच्या कोर्टाबाहेर याचे छापील नमुने मिळतात आणि त्यात हटकून वाक्य असतं, माझा विवाह हिंदू वैदिक पद्धतीने अमुक दिवशी झाला. ते खोडायला लावा. तुमच्या आईसाठी मजकूर साधारण असा हवा: मी, शोभा वसंत कुंभार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की माझे जन्मनाव सुमन बाबूराव पवार असे असून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच नाव आहे. सन १९८३ पासून मी श्री. वसंत कुंभार यांच्यासह त्यांची पत्नी म्हणून राहत असून तेव्हापासून शोभा वसंत कुंभार हे नाव वापरत आहे. वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची, म्हणजे माझीच आहेत. यातला शब्द न् शब्द खरा आहे. कायदेशीर पत्नी, विधिवत विवाह असले जडजंबाल शब्द त्यात नकोत. ते ठरवणं तुमच्या आईचं काम नाही आणि उद्या कुणी वाद घातला तर तेच शब्द अंगावर येतात.

जाता जाता: सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. तरी २०२४ मध्ये किमान मुद्रांक शंभरावरून पाचशेवर गेल्यापासून विक्रेते न विचारता पाचशेचा कागद पुढे करतात. साध्या कागदावर करा, तहसील कार्यालयात किंवा सेतूमधून. परदेशी वकिलातीसाठी किंवा खाजगी बँकेसाठी असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरं, दोन्ही नावं एकत्र असलेला कुठलाही जुना कागद. घरात नाही म्हणून सोडून देऊ नका, कारण असे कागद बहुतेक वेळा सरकारी दप्तरात असतात. आजोबांच्या, म्हणजे बाबूराव पवारांच्या नावे जमीन होती का? ते वारल्यावर वारसनोंदीचा फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याची नोंद, झाला असेल तर तलाठ्याने मुलींची नावं लावताना सुमन उर्फ शोभा भ्र. वसंत कुंभार (भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा) असं लिहिण्याची दाट शक्यता आहे. माझ्या पाहण्यात अशा एका ओळीइतका भक्कम पुरावा दुसरा नसतो: सरकारी नोकराने, तुमच्या कामाशी संबंध नसताना, वर्षानुवर्षांपूर्वी लिहिलेला. फेरफाराची प्रमाणित प्रत काढा, नुसता सातबारा पुरणार नाही. जमीन नसेल तर वडिलांच्या कामावरचा भविष्य निर्वाह निधीचा नामनिर्देशनाचा फॉर्म, आयुर्विम्याची जुनी पॉलिसी, तुमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधला उतारा, तुमच्या जन्मनोंदीतलं आईचं नाव. जुनी मतदार यादीही चालते. तीत शोभाच्या नावापुढे पतीचं नाव वसंत असं असतं. सुमन तीत नसेल, पण किती जुन्या काळापासून शोभा आहे ते दिसतं.

शाळेच्या दाखल्यावर नाव बदलून आणायच्या भानगडीत मात्र पडू नका. एकेक जण मुख्याध्यापकांच्या पाया पडून दाखल्यावर सासरचं नाव घालून आणतो. तो दाखला म्हणजे ती मुलगी शाळेत असताना तिचं नाव काय होतं याची नोंद आहे. ती तशीच राहिली पाहिजे, नाहीतर साखळीचं पहिलं टोकच तुटतं.

आता पासपोर्ट. आईकडे आधी पासपोर्ट नाही, त्यामुळे पासपोर्टवरचं नाव बदलण्याचा प्रश्नच येत नाही. हा नवा अर्ज शोभा वसंत कुंभार या नावाने करायचा. जन्मतारखेसाठी शाळेचा दाखलाच हवा हा समज जुना झाला. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम सैल केले तेव्हापासून तिच्या पिढीसाठी आधार, पॅन, वाहन परवाना, आयुर्विम्याची पॉलिसी यांतलं काहीही, पूर्ण जन्मतारीख असेल तर, चालतं. त्याच वेळी अर्जासोबत द्यायची जोडपत्रं, म्हणजे ठराविक नमुन्यातली घोषणापत्रं, पंधरावरून नऊवर आली, साध्या कागदावर स्वतःच्या सहीची झाली, नोटरीची कटकट गेली आणि विवाहितांना विवाह प्रमाणपत्र देण्याची सक्तीही निघाली. एजंटांनी मात्र २०१६ नंतरचं काही वाचलेलं दिसत नाही. आधारवर फक्त जन्मवर्ष असेल तर आधी पॅन पूर्ण तारखेनिशी काढा.

फॉर्ममध्ये दोन प्रश्न असे आहेत जिथे लोक चुकतात. तुम्ही इतर कोणत्या नावाने ओळखल्या जाता का, आणि तुम्ही कधी नाव बदललं आहे का. शोभाच्या नावाने सगळं जुळतंय म्हणून दोन्हीला नाही लिहायचा मोह होतो. लिहू नका. हो लिहा, सुमन बाबूराव पवार लिहा, राजपत्र आणि प्रतिज्ञापत्र जोडा. पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली खोटी माहिती देणं आणि महत्त्वाची माहिती दडवणं दोन्ही गुन्हे आहेत, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. शिवाय पोलीस पडताळणीला हवालदार गल्लीत येऊन विचारणार, तेव्हा एखादी मावशी सहज सांगून जाणार की ही आमची सुमन.

वैवाहिक स्थितीच्या रकान्यात काय? त्यांनी देवळात हार घातलेत, स्वतःला नवरा-बायको मानलंय, गावानेही मानलंय. विवाहित लिहिण्यात त्यांच्याकडून अप्रामाणिकपणा काही नाही. पतीचं नाव घालताना पुरावा मागितलाच तर दोघांचा एकत्र फोटो लावून दोघांनी सही केलेलं स्वघोषणापत्र विवाह प्रमाणपत्राऐवजी घेतलं जातं. नमुना पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर आहे. कोणते कागद लागतील ते सांगणारा तिथला डॉक्युमेंट ॲडव्हायझर आधी उघडून पाहा, त्या दिवशी जी यादी दिसेल ती छापून सोबत न्या. फोटो चाळीस वर्षांपूर्वीचा लागत नाही, कालचा चालतो.

हार घातले नसते, नुसतं एकत्र राहणं असतं, तर मात्र मी हे स्वघोषणापत्र करू नका म्हणालो असतो. मग पतीच्या रकान्याचा नाद सोडून राजपत्रावरच काम करायचं.

इथवर पासपोर्टचं काम झालं. पण तुमचे आई-वडील दोघेही हयात आहेत, हिंडते-फिरते आहेत, म्हणून पुढचंही सांगतो. लग्नाचा खरा कागद करून घ्यायचा असेल तर त्याला चांगला रस्ता आहे आणि वकीलसुद्धा तो पटकन सांगत नाहीत. विशेष विवाह कायदा, १९५४, कलम १५. हा कायदा म्हणजे रजिस्टर लग्न एवढंच आपण ऐकलेलं असतं. पण कलम १५ आधीच झालेल्या लग्नाच्या नोंदणीचं आहे. त्याची अट अशी की दोघांमध्ये विवाहाचा समारंभ झालेला असावा आणि तेव्हापासून दोघं पती-पत्नी म्हणून एकत्र राहत असावेत. कोणता समारंभ, भटजी होता का, सप्तपदी झाली का, यात कलम शिरत नाही. शिवाय दोघांपैकी कुणाचाही दुसरा जोडीदार हयात नसावा, दोघं एकवीसच्या वर असावेत, निषिद्ध नात्यात नसावेत आणि अर्जाआधी निदान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहत असावेत. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे दोघांच्या सहीचा अर्ज द्यायचा, तीस दिवस नोटीस लागते, हरकत आली नाही की तीन साक्षीदारांसमोर प्रमाणपत्र. कलम १८ प्रमाणे समारंभाच्या तारखेनंतर जन्मलेली मुलं औरस मानली जातात. टेक्सासच्या त्या घोषणापत्राच्या सगळ्यात जवळ जाणारं आपल्याकडे काही असेल तर ते हेच. आणि यात १९८३, ते देऊळ, ते दोन हार, सगळं जसं घडलं तसं लिहिता येतं.

विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात कारकून कदाचित म्हणेल, कशाला एवढं, सरळ नव्याने रजिस्टर लग्नाची नोटीस द्या, ते सोपं पडतं. तिथे थांबा. नव्या लग्नाच्या नोटिशीत दोघांना आपली स्थिती लिहावी लागते: अविवाहित, विधुर, विधवा किंवा घटस्फोटित. तुमच्या वडिलांनी तिथे अविवाहित लिहून सही केली की चाळीस वर्षांचं ते गृहीतक त्यांनी स्वतःच्याच हाताने खोडलं. उद्या काका-पुतण्यांनी शेतीच्या वाटपात तोच कागद कोर्टात ठेवला तर त्यांना उत्तर देणं तुम्हाला जड जाईल. समारंभ अजिबात झालाच नसेल तर नवं लग्न हाच मार्ग, आणि तो स्वच्छ मार्ग आहे; पण समारंभ झालेला असताना तो नाकारून मोकळं होऊ नये.

ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत नोंद होते ती १९९८ च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याखाली. तो अधिकारी लग्न लावत नाही, झालेल्या लग्नाची नोंद घेतो, त्यासाठी लग्नाचं ठिकाण, तारीख, पुरोहित, तीन साक्षीदार असं सगळं मागतो. एजंट जे काढून देतो म्हणतो ते हे. भाड्याचा पुरोहित सही करणार आणि तुमची आई न झालेल्या विधींवर सही करणार. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये डॉली राणी प्रकरणात अशाच कागदाचं काय होतं ते दाखवलं: दोघांकडे एका संस्थेचा दाखला होता, त्यावरून नोंदणीचं प्रमाणपत्रही मिळालं होतं, पण विधी झालेच नव्हते. कोर्टाने लग्न नव्हतंच म्हणून सांगितलं आणि प्रमाणपत्र रद्दबातल ठरवलं.

वडिलांचं किंवा आईचं आधी लग्न झालं होतं का, हे विचारायला संकोच वाटतो, पण घरच्यांचा विरोध होता म्हटल्यावर विचारून घ्या. पहिला जोडीदार हयात असेल आणि सोडचिठ्ठी कोर्टातून झालेली नसेल, तर कलम १५ बंद, नवं लग्न बंद, स्वघोषणापत्रही नको. राजपत्र मात्र तेव्हाही उघडंच असतं. म्हणूनच मी नावाचं काम लग्नाच्या कामापासून तोडून करायला सांगतो.

तुमच्यासारख्याच परिस्थितीत पण वडील वारलेत, असे अनेक जण हे वाचत असतील. कलम १५ ला दोघांच्या सह्या लागतात, त्यामुळे तो रस्ता उरत नाही. ओळखीपुरतं काम राजपत्र आणि नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर, पेन्शनच्या कागदावर पत्नी म्हणून असलेल्या नावावर होतं. पेन्शन, नोकरीतली थकबाकी किंवा घराचा वाटा अडला असेल, तर कौटुंबिक न्यायालयात वैवाहिक दर्जा ठरवून मागण्याचा दावा करता येतो, १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ७ खाली, आणि तिथे बद्री प्रसाद खऱ्या अर्थाने कामाला येतो. तिथे रेशनकार्डापासून शेजाऱ्यापर्यंत सगळं पुराव्यात घालता येतं. गोव्यातल्या वाचकांनी मात्र हे उत्तर स्वतःला लावू नये. तिथे दिवाणी नोंदणीशिवाय लग्नच पुरं होत नाही आणि नावबदलाला १९९० चा वेगळा कायदा आहे.

आईच्या बाकी कागदांना फारसा हात लावायला नको. आधार आधीच शोभाच्या नावाने आहे ते उत्तम, कारण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि त्यानंतर अपवाद म्हणून अर्ज करत बसावं लागतं. पॅन नसेल तर ते शोभाच्या नावानेच काढा. वडिलांच्या नावाच्या जागी बाबूराव पवार येणार, त्याने गोंधळून जाऊ नका, पॅनला वडिलांचंच नाव लागतं. सुमनच्या नावाने जुनं पॅन असेल तर दुरुस्तीसाठी राजपत्र चालतं. पॅनच्या दुरुस्तीला विवाहितांसाठी चालणाऱ्या कागदांच्या यादीत वर्षानुवर्षं लग्नपत्रिकासुद्धा आहे, पण ती तुमच्याकडे नाही आणि आता छापूनही घेऊ नका.

अमेरिकेच्या भेटीच्या व्हिसाला विवाह प्रमाणपत्र लागत नाही. पुढे तुम्ही नागरिक झालात आणि आई-वडिलांना ग्रीनकार्डावर बोलावलंत, तर आईसाठी तुमचा जन्मदाखला आणि तिच्या नावबदलाचा पुरावा हे मुख्य. वडिलांसाठी मात्र आई-वडिलांचं विवाह प्रमाणपत्र मागतात. कलम १५ चा अर्ज आत्ता देऊन ठेवायचं हे आणखी एक कारण. तुमच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव काय आहे ते आजच पाहून घ्या. सुमन असेल तर राजपत्र दुहेरी कामाचं. शोभा असेल तर त्यातलं इंग्रजी स्पेलिंग आधारशी ताडून पाहा. राजपत्रासाठी अर्ज भरतानाही तेच स्पेलिंग अक्षर न् अक्षर टाका, कारण छापून आल्यावर दुरुस्तीला पुन्हा अर्ज आणि पुन्हा पैसे. शोभाचा शेवट एका ए ने करायचा की दोन, कुंभारमध्ये एम की एन, हे आधारवर जसं आहे तसंच. व्हिसाच्या फॉर्ममध्ये आजवर वापरलेली इतर नावं विचारतात, तिथे सुमन बाबूराव पवार लिहा, आणि राजपत्राची छापील प्रत मुलाखतीला आईच्या पिशवीत वरच्यावर ठेवा.